ओढण्याची ताकद आणि थांबविण्याची ताकद

ज्येष्ठांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यांतील मुक्काम आटोपून सासवडची वाट धरते, तेव्हां दिवे घाटासाठीं रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. रथ तोच, त्याचें वजनहि तेंच, आणि सपाट रस्त्यावर तो एका जोडीनें ओढीत आणलेला. तरी घाटांत जादा बैल कशाला, असें कोणी वारकरी विचारीत नाहीं. जी गोष्ट रथाच्या बाबतींत कोणाला समजावून सांगावी लागत नाहीं, तीच मोटारीच्या बाबतींत मात्र चांगलीं शिकलेलीं माणसें विसरतात. 'ही गाडी अमुक टन ओढते' असें विक्रेता सांगतो, कारखान्याच्या पत्रकांत तसा आंकडा छापलेला असतो, आणि घेणारा त्या आंकड्याला गाडीच्या रंगासारखा किंवा लांबीसारखा तिचा कायमचा गुण समजतो. हा आंकडा कशावरून काढतात, तो कितपत खरा मानावा, आणि खरा असला तरी त्यावर विसंबून राहणें कितपत सुरक्षित, याचा विचार पुणेकरांनीं तरी अगत्यानें करावयास हवा. शहराच्या दक्षिण अंगाला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत जो उतार आहे, त्यानें या विचारावांचून चालत नाहीं हें पुनः पुनः दाखवून दिलें आहे.

प्रथम ओढण्याचाच हिशेब पाहूं. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर एक टन, म्हणजे १,००० किलोची हवेच्या टायरांची गाडी हलती ठेवावयास १० ते १५ किलो ओढ पुरते. हा आंकडा ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. पण बंद पडलेली मोटार दोन माणसें ढकलीत नेतात, हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. तीच गाडी शेतांतल्या चिखलाच्या वाटेवर गेली कीं टनामागें ५० किलो, प्रसंगीं त्याच्या दुप्पटहि ओढ लागते. आतां चढ घ्या. रस्ता २० मीटर पुढें जातांना १ मीटर वर चढत असेल, तर प्रत्येक टनामागें ५० किलो अधिक ओढ द्यावी लागते. म्हणजे सपाटीवर जेथें १५ किलो पुरत होतें, तेथें ६५ किलो पाहिजेत. गाडी तीच, काम मात्र चौपटीहून अधिक झालें. तेव्हां ओढण्याच्या क्षमतेचा कोणताहि आंकडा 'कोणत्या चढावर, कसल्या रस्त्यावर, किती वेगानें' हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज अर्थशून्य असतो.

आतां पुणें जिल्ह्यांतीलच उदाहरण घेऊं. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या बाजूंच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. एका ट्रॅक्टरामागें दोन ट्रॉल्या, त्यांवर दोहों अंगांनीं बाहेर आलेला ऊस, आणि पुढें कर्णा लावून गाणीं. समजा, ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीचा व स्वतः २ टनांचा आहे, आणि दोन्ही ट्रॉल्या उसासकट २० टनांच्या आहेत. एकूण २२ टन झाले. सपाट डांबरी रस्त्यावर टनामागें १५ किलो धरले तर ३३० किलो ओढ लागते. ताशीं १८ किलोमीटर वेगानें, म्हणजे सेकंदास ५ मीटर जावयाचें, तर या कामास सुमारें २२ अश्वशक्ति पुरतात. ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलणें ही एक अश्वशक्ति होय, हें शाळेंत शिकलेलें ज्यांस आठवत असेल त्यांनीं हा गुणाकार करून पाहावा. म्हणजे पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनाला ही गाडी ओढतांना निम्मीहि शक्ति खर्चावी लागत नाहीं! ट्रॅक्टरचा मालक 'माझा ट्रॅक्टर वीस टन सहज ओढतो' म्हणतो, तें खोटें नसतें. खालच्या गिअरमध्यें विसांत एक चढावरहि इंजिनाची शक्ति कमी पडत नाहीं; ताशीं ५ किलोमीटर वेगानें सव्वीस-सत्तावीस अश्वशक्तींत काम भागतें.

परंतु इंजिनाची शक्ति ही एक गोष्ट आणि चाकांची पकड ही दुसरी गोष्ट. त्या चढावर ३३० आणि १,१०० मिळून १,४३० किलो ओढ लागेल. ही ओढ रस्त्याला पोंचवावयाची ती मागच्या दोन चाकांनीं. त्यांच्यावर ट्रॅक्टरचें सुमारें १,३०० किलो वजन असतें. कोरड्या रस्त्यावर रबराची पकड वजनाच्या सहादशांश धरली, तर ७८० किलोपलीकडे तीं चाकें जोर लावूंच शकत नाहींत. त्यापुढें तीं जागच्या जागीं फिरतात. ओढतांना ट्रॅक्टरचा भार मागें सरकतो हें खरें; पण अख्खा ट्रॅक्टर मागच्या दोन चाकांवर उभा राहिला, तरीहि १,२०० किलोंहून अधिक पकड मिळावयाची नाहीं. आणि तो उभा राहतोच! पुढचीं चाकें अधांतरीं झाल्यावर सुकाणूचें चाक कितीहि फिरवा, ट्रॅक्टर वळत नाहीं. चढावर ट्रॅक्टर मागें उलटून चालक खालीं सांपडण्याचे जे प्रकार घडतात, त्यांचें मूळ येथें आहे.

खरा धोका मात्र याहून निराळा आहे, आणि तो ओढण्यांत नसून थांबविण्यांत आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांनाच असतात, आणि ट्रॉल्यांना ब्रेक असतातच असें नाहीं. असले तरी ते जोडलेले व चालू स्थितींत असतील याची खात्री नसते. म्हणजे २२ टनांची ती सगळी गाडी थांबविण्याचें काम त्याच ७८० किलो पकडीवर येऊन पडतें. एकटा ट्रॅक्टर ताशीं १८ किलोमीटर वेगानें जात असला, तर ब्रेक दाबल्यापासून तीन-सव्वातीन मीटरांत उभा राहतो. मागें वीस टन लावल्यावर, रस्त्याचें घर्षण मदतीस धरूनहि, त्यालाच सुमारें २५ मीटर लागतात. वेग ताशीं पंचवीसपर्यंत नेला कीं ५० मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेलें अंतर यांत धरलेलेंच नाहीं. आणि विसांत एक उतार असेल तर? उतार गाडीला १,१०० किलो जोरानें खालीं ओढतो. ब्रेकचे ७८० आणि घर्षणाचे ३३० मिळून १,११० किलो तिला मागें धरतात. दहा किलोंचा फरक राहिला. रस्त्यावर थोडें पाणी, थोडी माती, किंवा पडलेल्या उसाचा चोथा असला कीं तोहि गेला. अशा वेळीं ट्रॅक्टर ट्रॉल्यांना ओढीत नसून ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलीत असतात, आणि चालकानें घाबरून ब्रेक दाबला तर मागच्या रेट्यानें ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा होतो.

मग कोणी असें ओझें कां लादतो? याचें उत्तर मूर्खपणांत शोधूं नये. उसाच्या वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो, फेरीवर नाहीं. ट्रॅक्टरचे हप्ते भरावयाचे असतात, हंगाम चार-पांच महिन्यांचा, कारखान्याच्या दारांत ताटकळण्यांत तासच्या तास जातात. अशा स्थितींत एका फेरींत चार टन अधिक नेणें म्हणजे घरांत चार पैसे अधिक येणें. पुष्कळदां कांहीं होत नाहीं, हेंच सर्वांत घातक. सपाटीवर शंभर फेऱ्या बिनबोभाट झाल्या कीं तो आंकडा अनुभवसिद्ध ठरतो, आणि एकशें एकाव्या फेरींत एखाद्या ओढ्याच्या पुलाकडे उतरणारा रस्ता लागतो. रात्रीं मागें तांबडा दिवा नसलेली उभी ट्रॉली न दिसल्यानें मोटारसायकलवाले तिच्यावर आदळतात, तो निराळाच विषय आहे.

जड ओझें घाटांतून नेण्याचा प्रश्न ज्यांनीं सर्वांत गंभीरपणें सोडविला, ते आगगाडीचे लोक. मुंबई-पुणें मार्गावरील भोर घाटाची चढण १८६३ सालीं वाहतुकीस खुली झाली. तिची अधिकांत अधिक चढण सदतिसांत एक आहे. म्हणजे प्रत्येक टनामागें २७ किलो जादा ओढ. रस्त्याच्या मानानें ही चढण किरकोळ वाटेल. परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाक इतकें हलकें फिरतें कीं सपाटीवर टनाला अवघे दोन-तीन किलो पुरतात. तेव्हां घाटांत काम दसपट होतें. शिवाय लोखंडाची पकडहि रबराच्या मानानें निम्मी. म्हणून पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागच्या बाजूस जादा इंजिनें लावतात, तीं लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलीत आणतात. ज्यांनीं कर्जतला वडा खात हा प्रकार पाहिला असेल, त्यांतील किती जणांच्या मनांत आलें असेल कीं हीं इंजिनें पुढें न लावतां मागें कां लावतात? सगळीं इंजिनें पुढें लावलीं, तर अख्ख्या गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या जोडणीवर येईल. इंजिनांत कितीहि जोर असो, गाडी तेवढीच ओढतां येते जेवढी तिची सर्वांत दुबळी कडी सोसते. मागून ढकलल्यानें हा ताण वांटला जातो, आणि जोडणी तुटलीच तर सुटलेले डबे मागें घरंगळत नाहींत. मोटारीला ट्रेलर जोडणारे लोक इंजिनाची अश्वशक्ति तोंडपाठ सांगतात. ज्या खिळ्यावर आणि ज्या कडीवर तो ट्रेलर लटकतो, तिची मर्यादा विचारली तर गप्प बसतात.

उतरण्याचा धडा या घाटानें फार लौकर शिकविला. जानेवारी १८६९ मध्यें पुण्याकडून मुंबईकडे उतरणारी डाकगाडी ब्रेकांना न जुमानतां घाटांतून सुटली व रिव्हर्सिंग स्टेशनाच्या टोकापलीकडे गेली. तींत माणसें मेलीं. आज उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणीं उतारूंसाठीं नव्हे, तर केवळ ब्रेकांच्या परीक्षेसाठीं थांबतात. गाडी तेथें नीट उभी राहिली तरच पुढचा मार्ग मिळतो. नाहीं तर रूळ चढावर नेलेल्या एका आडमार्गाकडे वळविलेले असतात, आणि सुटलेली गाडी त्या चढावर चढून आपोआप थांबते. म्हणजे येथें गाडीच्या कागदावरील क्षमतेवर कोणी विश्वास टाकलेला नाहीं. प्रत्येक फेरीला, प्रत्येक गाडीला ती क्षमता सिद्ध करून दाखवावी लागते. ही व्यवस्था रस्त्यावर जशीच्या तशी आणतां येणार नाहीं, हें उघड आहे. पण तिच्या मागचा संशयी स्वभाव आणतां येईल.

आतां नवले पुलाकडे वळूं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं एका जड मालमोटारीनें या उतारावर वीसांहून अधिक वाहनांना ठोकरलें. १३ नोव्हेंबर २०२५ रोजीं त्याच टापूंत पुनः एका जड वाहनानें पुढच्या गाड्यांना धडक दिली, आग लागली, आणि अनेक जण प्राणास मुकले. अशा अपघातानंतर 'ब्रेक निकामी झाले' हे शब्द वर्तमानपत्रांत हटकून येतात. ब्रेक निकामी होतात म्हणजे काय होतें? समजा, ४० टनांची गाडी उतारावरून शंभर मीटर खालीं आली. उंचावरच्या वजनांत सांठलेली शक्ति कोठें तरी गेलीच पाहिजे. ती सगळी उष्णता झाली, तर तेवढ्या उष्णतेनें सुमारें १३० लिटर पाणी साध्या तपमानापासून उकळीपर्यंत तापेल. यांतील कांहीं भाग टायर आणि वारा घेतात. इंजिन खालच्या गिअरमध्यें असेल तर मोठा भाग इंजिन घेतें. चालकानें डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडली असेल, तर तो सगळा भार ब्रेकांवर पडतो. लोखंडी ड्रम तापून फुगतो आणि आंतल्या पट्ट्यांपासून दूर सरतो. तापलेल्या पट्ट्यांचें घर्षणहि कमी होतें. चालक आणखी जोरानें दाबतो, उष्णता आणखी वाढते. इंजिनच बंद केलें असेल तर ब्रेकांना हवा पुरविणारा पंपहि बंद पडतो, आणि दर वेळीं पाय दाबला कीं टांकींतील हवा उतरत जाते. या सर्व प्रकारांत ब्रेक पूर्वीपासून बिघडलेले असावेच लागतात असें नाहीं. सपाटीवर ते निर्दोष ठरले असते. निकामी झाला तो ब्रेक नव्हे, त्याच्याविषयींचा हिशेब.

मग छापील आंकडे काढतात तरी कसे? युरोपांतील नियमाप्रमाणें ओढणारी गाडी आणि तिच्या मागचा ट्रेलर मिळून शेंकडा १२ च्या चढावर उभ्या करतात, आणि पांच मिनिटांत पांच वेळां ती जोडी जागेवरून हलली पाहिजे. अमेरिकेंत बराच काळ प्रत्येक कारखाना आपापल्या मनाप्रमाणें परीक्षा घेई, आणि एकमेकांच्या वरचढ आंकडे छापण्याची जणू शर्यत लागे. शेवटीं तेथील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेनें २००८ मध्यें जे २८०७ नांवाची एक समान परीक्षा ठरवून दिली. तींत ॲरिझोना प्रांतांतील डेव्हिस धरणाजवळची अकरा मैलांहून लांब चढण, शंभर अंश फॅरनहाइटची उष्णता, गाडींतील थंड हवेचें यंत्र पूर्ण चालू, आणि तरी ताशीं ४० मैलांखालीं वेग येतां कामा नये, अशा अटी आहेत. टोयोटा कंपनीनें २०११ च्या गाड्यांसाठीं ही परीक्षा प्रथम स्वीकारली, तेव्हां तिच्या कांहीं गाड्यांची छापील क्षमता कित्येकशें पौंडांनीं कमी झाली! गाडी बदलली नव्हती. मोजण्याची पट्टी बदलली होती. इतर मोठ्या कारखान्यांनीं ती पट्टी हातीं घ्यावयास आणखी कांहीं वर्षें घेतलीं, यांतच सर्व आलें.

पुण्यांत वेताळ टेकडीवर १९६६ सालापासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या परीक्षा घेत आहे, आणि तिच्या कामाचा दर्जा मान्य पावलेला आहे. परंतु तेथें तपासली जाते ती नवी, नीट राखलेली गाडी. तीच गाडी आठ वर्षांनीं, घासलेल्या टायरांवर, दुप्पट ओझ्यानें कात्रजचा उतार उतरते तेव्हां परीक्षकांचा शिक्का तिच्या कामास येत नाहीं. आणि कायद्यानें ठरविलेला आंकडा हा केवळ यंत्राचा आंकडा नसतो. जुलै २०१८ मध्यें केंद्र सरकारनें मालमोटारींची भारमर्यादा वाढविली. दोन आंसांच्या मोटारीची मर्यादा १६.२ टनांची १८.५ टन झाली, तीन आंसांची २५ ची २८.५, आणि सर्वांत मोठ्या जोडगाड्यांची ४९ ची ५५ टन. हा निर्णय अयोग्यच होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. वाहनें सुधारली आहेत, रस्ते सुधारले आहेत, आणि अवास्तव नियम असला कीं तो मोडण्याचीच संवय लागते, हा त्यामागील युक्तिवाद विचारांत घेण्यासारखा आहे. पण आधींच पंचवीसच्या जागीं तीस टन भरणारा माणूस मर्यादा वाढल्यावर अठ्ठावीसवर थांबेल, कीं पस्तिसांवर जाईल? २०१९ च्या दुरुस्तीनें जादा भारासाठीं २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड ठेवला आहे. दंड मोठा आहे. मात्र तो बसण्यासाठीं वजनकांटा वाटेवर असावा लागतो.

या बाबतींत बैलांसाठीं केलेला कायदा मोटारींच्या पाट्यांपेक्षां शहाणा आहे, हें ऐकून पुष्कळांस गंमत वाटेल. ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेनें वागविण्यास बंदी करणारे केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यांत बैलाच्या आकाराप्रमाणें आणि गाडीच्या चाकांप्रमाणें भाराची मर्यादा निरनिराळी आहे. रबरी टायर नसतील तर मर्यादा कमी. सलग पांच तासांहून अधिक काम नाहीं, दिवसाकाठीं नऊ तासांहून अधिक नाहीं, आणि ३७ अंशांवर ऊन गेलेल्या ठिकाणीं दुपारीं बारा ते तीन जुंपावयाचें नाहीं. आणि वाटेंत एक किलोमीटर किंवा अधिक लांबीचा, दहांत एकाहून तीव्र चढ असेल, तर सगळा भार निम्म्यावर आणावयाचा. चढ, ऊन, चाकें, थकवा या सर्वांचा विचार त्या चार ओळींत झाला आहे. ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या दारावरील पट्टीवर मात्र एकच आंकडा असतो, तोच लोणीच्या सपाटीला आणि तोच खंबाटकीच्या उताराला.

घरची मोटार बाळगणाऱ्यांनींहि हें आपल्याशीं संबंध नसलेलें प्रकरण समजूं नये. दाराच्या खांबावर किंवा इंजिनाच्या झांकणाखालीं गाडीचा एकूण भार लिहिलेला असतो, त्यांत पांच माणसें, त्यांचें सामान आणि टपावरच्या ट्रंका हें सर्व धरलेलें असतें. मे महिन्यांत महाबळेश्वरला निघालेल्या किती कुटुंबांनीं तो आंकडा वाचलेला असतो? मागें छोटा ट्रेलर जोडणारांनीं गाडीच्या पुस्तिकेंत 'ब्रेक असलेला ट्रेलर' आणि 'ब्रेक नसलेला ट्रेलर' असे दोन वेगळे आंकडे आहेत का, हें पाहावें. दुसरा पहिल्याहून पुष्कळच लहान असतो. पसरणीचा घाट उतरतांना गाडी ज्या गिअरमध्यें चढली असती त्याच गिअरमध्यें उतरवावी, ब्रेकवर पाय टेकवून बसूं नये, आणि जळक्या पट्ट्यांचा वास आला कीं रस्त्याच्या कडेस सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी. तापलेले ब्रेक निवावयास अर्धा तास तरी लागतो. तेवढ्यांत मुलांनीं खालचें धोम धरण पाहून घ्यावें.